कटान घ्यावा की यात्झी?

फाशांचा, पण डोकं चालवायला लावणारा खेळ घरात घ्यायचा म्हटलं की आमच्या नाशिकच्या गोतावळ्यात ही दोन नावं निघतात. आमच्याकडे दोन्ही आहेत आणि दोन्ही आवडीने खेळतो.

डावपेचांत कटान सरस, यात वाद नको. पटावरच्या जागांवर आकडे असतात; फाशांवर तो आकडा पडला की त्या जागेला लागून वस्ती असलेल्याला विटा, लोकर अशा मालाचे पत्ते मिळतात. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सहा आणि आठ प्रत्येकी ५ वेळा येतात. ते हेरून वस्ती वसवायची, विटा देऊन लोकर मागायची, घासाघीस करायची. कॉलेज रोडच्या मित्रांबरोबर हा डाव रात्री उशिरापर्यंत रंगतो.

मला खटकतं ते एकच. पहिल्या दोन वस्त्यांवर जवळजवळ सगळा डाव ठरतो, आणि त्या मांडायच्या असतात खेळ अंगवळणी पडण्याआधी. आमच्या काकूंच्या वस्त्या दोन आणि बाराच्या जागांना लागून बसल्या. हे आकडे ३६ मध्ये जेमतेम एकेकदा पडायचे. बाकीचे पत्ते गोळा करत होते, काकू फासे टाकून पुढे सरकवत होत्या. मधेच उठताही येईना, कारण तिघांखाली खेळ होत नाही. पुढच्या रविवारी बोलावलं तर म्हणाल्या, "तुम्ही खेळा रे, मला मेथी निवडायचीय." घरच्यांसाठी आणलेल्या खेळातून घरचंच माणूस बाजूला पडावं, हे मला फार लागलं. शिवाय मूळ पेटीत जास्तीत जास्त चौघंच. पाचव्यासाठी वेगळी पेटी.

यात्झीत दुसऱ्याची वाट अडवता येत नाही, हे उणं खरंच. पण विचार तिथेही करावा लागतो. दर पाळीत पाच फासे तीनदापर्यंत टाकायचे आणि गुण एका रकान्यात लिहायचे. समजा, तिसऱ्या फेकीनंतर समोर तीन चौके, एक पाच, एक सहा. 'तीन सारखे'मध्ये लिहिले तर सगळ्या फाशांची बेरीज, म्हणजे २३ गुण, चौक्यांच्या रकान्यात फक्त १२. पण वरच्या सहा रकान्यांत (एक्के ते छक्के) ६३ झाले की ३५ जास्तीचे मिळतात, आणि ६३ म्हणजे प्रत्येक आकडा बरोबर तीनदा. इथे काकू पेन्सिल हातात धरून बराच वेळ थांबतात, आणि १२ लिहितात. मागे पडलेल्यालाही शेवटच्या फेरीत पाच सारखे पडून ५० मिळू शकतात, त्यामुळे कुणी कंटाळून उठत नाही.

चौघं पक्के खेळगडी असतील तर कटान जरूर घ्या. घरात लहानथोर, येणारेजाणारे असतील तर मी तरी आधी यात्झी म्हणेन. त्याला पेटीही लागत नाही: मेन रोडवरून पाच फासे आणा आणि वहीत १३ रकाने आखा.