पुरस्कार घेताना राजकारण बोलावं का? सगळे पर्याय शेजारी ठेवून

ऑस्करच्या मंचावर विजेत्याला साधारण ४५ सेकंद मिळतात. मग वाद्यवृंद सुरू होतो, म्हणजे 'आता उतरा'. तेवढ्यात आईवडील, निर्माता, एजंट आणि देव या सगळ्यांचे आभार उरकायचे असतात. अशा वेळी कुणी युद्ध, निर्वासित किंवा राष्ट्राध्यक्षांचा विषय काढला की दुसऱ्या दिवशी ठरलेलं भांडण जुंपतं. नटाने नटाचं काम करावं असं एक बाजू म्हणते, आणि एवढी माणसं ऐकत असताना गप्प राहणं हाच गुन्हा असं दुसरी.

दोन्ही बाजू सरसकट बोलतात, म्हणून उद्या खरोखरच मंचावर चढायचं असलेल्या माणसाला त्यांचा काही उपयोग नाही. आपण कोणत्या नात्याने वर गेलोय, आपल्या कामाचा या विषयाशी संबंध काय, आणि समोर कोण बसलंय, हे त्याने आधी पाहावं. आजवर लोकांनी काय काय केलं ते शेजारी ठेवलं तर निवड सोपी होते. निदान कुठे काय महागात पडतं ते तरी दिसतं.

एक रात्र, एक युद्ध, दोन भाषणं

२३ मार्च २००३. इराकवर हल्ला सुरू होऊन जेमतेम तीन-चार दिवस झाले होते. माहितीपटाचं ऑस्कर मायकेल मूरला मिळालं, अमेरिकेतल्या बंदुकांवरच्या चित्रपटासाठी. नाव पुकारल्यावर सभागृह उभं राहिलं. त्याने बाकीच्या नामांकित माहितीपटकारांनाही वर बोलावून घेतलं. आम्ही खऱ्या गोष्टी दाखवणारी माणसं, पण काळ मात्र खोट्याचा आलाय, अशी सुरुवात करून तो थेट बुश यांच्यावर घसरला. खोट्या निकालातून आलेला खोटा अध्यक्ष आपल्याला खोट्या कारणांसाठी युद्धावर पाठवतोय, लाज वाटू द्या, असं तो म्हणाला. टाळ्यांच्या जोडीला हुर्यो सुरू झाली, वाद्यवृंद वाजू लागला. बाहेर युनियनची मंडळी मूरला गाडीच्या डिकीत बसायला मदत करताहेत, असा विनोद करून सूत्रसंचालक स्टीव्ह मार्टिनने नंतर हशा वसूल केला.

त्याच रात्री एड्रियन ब्रोडीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. वय २९, भूमिका वॉर्सामध्ये लपूनछपून जगलेल्या ज्यू पियानोवादकाची. वेळ संपल्यावर वाद्यवृंद सुरू झाला, तो त्याने थांबवायला लावला. युद्धात माणसाचं माणूसपण कसं झिजतं ते ही भूमिका करताना कळलं, तुम्ही देव माना की अल्ला, तो तुमची काळजी घेवो, आणि कुवेतमध्ये सैनिक असलेला माझा मित्र सुखरूप परत येवो, असं तो म्हणाला. सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. (२०२५ मध्ये दुसरं ऑस्कर घेतानाही त्याने वाद्यवृंद थांबवला आणि पाच मिनिटांहून जास्त बोलला. सवय जात नाही.)

या जोडीचा नेहमी एकच निष्कर्ष काढला जातो: सौम्य बोला, लोक ऐकतील. मला तो अपुरा वाटतो. ब्रोडीने कुणाचंच नाव घेतलं नाही. युद्ध सुरू करणाऱ्यालाही त्या प्रार्थनेला 'आमेन' म्हणता आलं असतं. म्हणूनच ते भाषण सगळ्यांना आवडलं. मूरने मात्र नाव घेतलं, आणि ज्या शस्त्रांसाठी युद्ध झालं ती इराकमध्ये सापडली नाहीत. म्हणजे मुद्दा त्याचा खरा ठरला. सभागृहाच्या टाळ्या हा मापदंडच मुळात कच्चा आहे. त्याच सभागृहाने त्याच रात्री रोमान पोलान्स्कीलाही उभं राहून मानवंदना दिली. अल्पवयीन मुलीशी शरीरसंबंधाचा गुन्हा कबूल करून १९७८ मध्ये अमेरिकेतून पळालेला हा दिग्दर्शक, अटकेच्या भीतीने तिथे आलेलाही नव्हता.

तरीही ब्रोडीकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तो जे बोलला ते त्याच्या भूमिकेतून निघालं होतं. मूरचं बोलणं बंदुकांवरच्या चित्रपटातून इराकवर उडी मारून गेलं, आणि ती उडी पटवून द्यायला ४५ सेकंद पुरत नाहीत. पुढे त्याने हाच मुद्दा पूर्ण लांबीच्या माहितीपटात मांडला. त्याला २००४ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि जगभरात २० कोटी डॉलरच्या वर तिकीटविक्री झाली. मंचावर हुर्यो ऐकलेलं राजकारण चित्रपटगृहात लोकांनी तिकीट काढून ऐकलं.

जिंकलेला आणि नुसता बोलावलेला

हा फरक चर्चेत फारसा येत नाही, पण माझ्या मते निम्मा निकाल इथेच लागतो.

१९७८ मध्ये व्हनेसा रेडग्रेव्हला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. तिने पॅलेस्टाइनवरच्या माहितीपटाला पैसे उभे केले होते. त्यामुळे समारंभाबाहेर निदर्शनं सुरू होती, तिचे पुतळे जाळले गेले होते. या धमक्यांपुढे न झुकल्याबद्दल तिने ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे आभार मानले आणि विरोधकांना 'झायोनिस्ट गुंड' म्हटलं (झायोनिस्ट म्हणजे ज्यू राष्ट्राचे पाठीराखे). त्याच भाषणात ज्यूद्वेष आणि फॅसिझमविरुद्ध लढत राहण्याची शपथ होती, पण आज कुणाला ती आठवते? उरले ते दोन शब्द.

नंतर पटकथेचा पुरस्कार द्यायला लेखक पॅडी चायेफस्की आला आणि त्याने तिला सुनावलं: पुरस्कार जिंकणं ही काही इतिहासातली मोठी घटना नव्हे, साधं 'थँक यू' पुरलं असतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. गंमत अशी की रेडग्रेव्ह स्वतःच्या वेळेत बोलली आणि चायेफस्की दुसऱ्यांचा पुरस्कार हातात धरून. मंचावर राजकारण नको, हेही त्याने मंचावरूनच सांगितलं.

१९९३ मध्ये हेच पुरस्कार द्यायला आलेल्या तीन पाहुण्यांनी केलं. रिचर्ड गिअर तिबेटवर बोलला. सुझन सॅरंडन आणि टिम रॉबिन्स या जोडीने एचआयव्ही असल्यामुळे अमेरिकेच्या ग्वांटानामो लष्करी तळावर अडकवून ठेवलेल्या हैतीच्या निर्वासितांचा प्रश्न काढला. निर्माता गिल केट्स चिडला आणि या तिघांना पुन्हा बोलावणार नाही असं जाहीरपणे म्हणाला. जून महिन्यात न्यायालयाने त्या निर्वासितांना सोडण्याचा आदेश दिला. तो त्यांच्या वकिलांच्या लढाईचा विजय होता, भाषणाचा नव्हे. पण तोवर ज्यांनी त्या छावणीचं नावही ऐकलं नव्हतं अशा घराघरांत ते त्या रात्री पोचलं, हेही खरं. सॅरंडनवरचा राग टिकला नाही, १९९६ मध्ये तिला ऑस्कर मिळालं. गिअरला मात्र परत मंचावर यायला २०१३ उजाडलं.

दुसऱ्याचं नाव पुकारायला आलेल्याने आपलं गाऱ्हाणं मांडणं म्हणजे लग्नात आहेर द्यायला गेलेल्या पाहुण्याने माईक घेऊन भावकीचा वाद काढण्यासारखं. वाद खराही असेल, पण दिवस नवरा-नवरीचा. हैतीसारखं प्रकरण असेल, माणसं प्रत्यक्ष कोंडलेली असतील, तर हा नियम मोडावा. एरवी पाळावा. जिंकलेल्याला मात्र कुणी वेळेचा हिशेब विचारू नये. ते सेकंद त्याने कमावलेत.

न जाणं

मार्लन ब्रँडोने १९७३ मध्ये ऑस्कर नाकारलं आणि आपल्या जागी सशीन लिटलफेदर या तरुणीला पाठवलं. हॉलिवूडने आदिवासी अमेरिकनांचं जे चित्र रंगवलं त्याचा निषेध करायचा होता, आणि वुंडेड नी या आदिवासी वस्तीत तेव्हा आंदोलकांना सरकारी वेढा पडलेला होता. तिच्या हातात अनेक पानी निवेदन होतं. निर्मात्याने एका मिनिटाच्या वर बोलू देणार नाही असं बजावलं. हुर्यो आणि टाळ्या दोन्ही झेलत ती शांतपणे बोलली आणि उतरली. अकादमीने तिची माफी मागितली ती २०२२ मध्ये, तब्बल ४९ वर्षांनी. त्याच वर्षी ती वारली. तिच्या आदिवासी असण्यावरच तिच्या बहिणींनी नंतर शंका घेतली, तो वेगळा गुंता.

ब्रँडोचा मुद्दा मला पटतो, पद्धत नाही. तो घरी बसला आणि हुर्यो तिने खाल्ली.

याच्या शेजारी २०१७ चा इराणी दिग्दर्शक असगर फरहादी ठेवा. ट्रम्प यांनी सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी घातली, त्यात इराण होता. परदेशी चित्रपटाचं ऑस्कर त्याला मिळालं, पण निषेध म्हणून तो गेला नाही. त्याचं छोटं निवेदन अनुशेह अन्सारी यांनी वाचलं. इराणमध्ये जन्मलेल्या, अमेरिकेत उद्योग उभारलेल्या आणि अंतराळात जाऊन आलेल्या बाईंनी ते वाचल्यावर वेगळं भाष्य लागतच नव्हतं. रिकाम्या खुर्चीचा विषयाशी इतका थेट संबंध असेल, तरच गैरहजेरी बोलते. नाहीतर लोक 'विमान चुकलं असेल' म्हणतात.

मागणी नेमकी की मोघम

थोडक्यात सांगतो. 'जगात शांतता नांदो' यातून काहीच हलत नाही. २०१५ मध्ये ऑस्कर घेताना अभिनेत्री पॅट्रिशिया आर्केटने स्त्रियांना समान वेतन द्या अशी एकच मागणी केली. कॅलिफोर्नियात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये समान वेतनाच्या कडक कायद्यावर गव्हर्नरांची सही झाली. भाषणामुळे कायदा झाला असं मानणं भाबडेपणाचं आहे, पण कायदा रेटणाऱ्यांच्या हाती एक वाक्य आलं. २०२५ मध्ये माहितीपटाचं ऑस्कर घेताना मसाफर यत्ता या पॅलेस्टिनी भागातल्या बासेल अद्राने आपल्या गावाच्या पाडकामाबद्दल सांगितलं. तो चित्रपटाचाच विषय होता, त्यामुळे 'इथे राजकारण कशाला' हा आक्षेपच लटका पडला. तीनेक आठवड्यांत त्याच चित्रपटाचा सहदिग्दर्शक हमदान बल्लाल याला गावात मारहाण झाली आणि इस्रायली सैन्याने ताब्यात घेतलं. अकादमीच्या पहिल्या पत्रकात त्याचं नावसुद्धा नव्हतं. शेकडो सदस्यांनी सह्या करून जाब विचारला, तेव्हा माफी आली. बाहुली देणारी संस्था तुमच्या पाठीशी उभी राहील, हे गृहीत धरू नका.

आपल्याकडचा मामला

इथे ऑस्करचं माप जसंच्या तसं लावता येत नाही. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सरकार देतं, आणि त्या समारंभात बहुतेक विजेत्यांना माईक मिळतच नाही: नाव पुकारलं, वर गेले, फोटो, खाली. खासगी सोहळे चित्रित होतात आणि काही दिवसांनी कापून-जोडून दाखवले जातात, त्यामुळे अडचणीचं वाक्य प्रेक्षकांपर्यंत पोचायच्या आधीच गळतं. बोलण्याची वाट अशी बंद असली की लोक कृतीवर येतात. ऑक्टोबर २०१५ मध्ये दिबाकर बॅनर्जी, आनंद पटवर्धन यांच्यासह दहा चित्रपटकारांनी राष्ट्रीय पुरस्कार परत करत असल्याचं जाहीर केलं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या विद्यार्थ्यांचा संप आणि देशातली असहिष्णुता ही कारणं होती. विद्या बालनने तेव्हा पुरस्कार परत करायला नकार दिला. हा सन्मान देशाने दिला, सरकारने नव्हे, असं तिचं म्हणणं. मला ते वजनदार वाटतं, पण परत करणाऱ्यांकडे दुसरा मंच कुठे होता, याचं उत्तर त्यात नाही.

गोव्यातलं प्रकरण याहून अवघड. नोव्हेंबर २०२२ मध्ये इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या सांगता समारंभात ज्युरीचा अध्यक्ष, इस्रायली दिग्दर्शक नदाव लापिद याने 'द कश्मीर फाइल्स' हा स्पर्धेतला चित्रपट प्रचारकी आणि हिणकस आहे असं सरकारी व्यासपीठावरून सांगितलं. दुसऱ्याच दिवशी इस्रायलच्या राजदूतांनी भारताची माफी मागितली. वरचा माझाच नियम लावला तर लापिद पाहुणा होता आणि दुसऱ्याच्या चित्रपटाबद्दल बोलत होता, म्हणजे चुकलाच. पण चित्रपटाविषयी मत देण्यासाठीच तर त्याला बोलावलं होतं! यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही.

मराठीत याचा सगळ्यात ठसठशीत दाखला १९९६ चा. पहिला महाराष्ट्रभूषण पुरस्कार पु. ल. देशपांड्यांना मिळाला, देणारं सरकार युतीचं. पुलंनी तो घेतला, आणि त्याच निमित्ताने सत्तेतल्या दंडेलीच्या भाषेवर नापसंतीही व्यक्त केली. बाळासाहेब ठाकरे भडकले, पुरस्कार दिला हेच चुकलं अशा अर्थाचं बरंच तिखट बोलले. पुरस्कार नाकारणं आणि गप्प राहून घेणं, या दोहोंच्या मधली ही वाट फार थोड्यांना जमते.

ब्रिटिश विनोदकार रिकी जर्वेझचा आक्षेपही इथेच तपासता येतो. २०२० च्या गोल्डन ग्लोब्जचं सूत्रसंचालन करताना तो ताऱ्यांना म्हणाला की तुम्ही कोणत्याही कंपनीसाठी काम कराल, तेव्हा राजकीय भाषणं देऊ नका. पुरस्कार घ्या, आभार माना आणि निघा. यातला 'निघा' सोडून देऊ, पण टोचणी खरी आहे. समोरच्या रांगेतल्या स्टुडिओमालकाला सोडून हजार मैलांवरच्या हुकूमशहाला झोडपणं स्वस्त असतं. पुलंच्या शब्दांचा रोख पुरस्कार देणाऱ्यावरच होता.

तेव्हा तुम्हाला बोलायचंच असेल, तर जिंकलेले म्हणून बोला, आपल्या कामाला चिकटलेला एकच मुद्दा घ्या, आणि त्याची झळ खोलीतल्या कुणाला तरी लागते का ते तपासा. तसा मुद्दा नसेल तर आभार मानून उतरणं हा चांगला पर्याय आहे, त्यात भित्रेपणा नाही. वाक्यं लिहून न्या, पण कागदावर विसंबू नका. २०२४ मध्ये ऑस्कर घेताना दिग्दर्शक जोनाथन ग्लेझरने कागदावरून वाचूनही त्याचं वाक्य अर्धं तोडून फिरवलं गेलं. सोहळा रेकॉर्ड होऊन नंतर दाखवला जाणार असेल, तर पूर्ण मजकूर त्याच रात्री स्वतःच्या हाताने प्रसिद्ध करा. लिटलफेदरने मंचावरून उतरल्यावर तेच केलं होतं. ब्रँडोचं अख्खं निवेदन पत्रकारांना वाचून दाखवलं, आणि ते वर्तमानपत्रात छापून आलं.