बँकॉकमधली मध्यम दरातली हॉटेलं: दहा महिन्यांतल्या चार मुक्कामांनंतर

१५०० ते २५०० बाथच्या पट्ट्यात बँकॉकचं हॉटेल शोधायला बसलं की सगळ्या खोल्या सारख्याच दिसतात. पांढरीशुभ्र चादर, पायाशी रंगीत पट्टा, गच्चीवर पोहण्याचा तलाव. सुखुमवित आणि सिलोम भागात चार ठिकाणी राहून झाल्यावरचं मत असं, की खोली बहुतेक वेळा ठीकच निघते. फसगत होते ती गल्लीत.

सुखुमवित हा लांबलचक रस्ता. त्याला फुटणाऱ्या गल्ल्यांना सोई म्हणतात. विषम आकड्यांच्या उत्तरेला, सम आकड्यांच्या दक्षिणेला. पण समोरासमोरचे आकडे जुळत नाहीत. सोई ५५, म्हणजे थोंगलो, हिच्या समोर सोई ३८ येते. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून अंदाज बांधला तर तो हमखास चुकतो. दुसरी गोम अंतराची. बुकिंगच्या पानावर ‘स्टेशन ५०० मीटर’ लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा सरळ रेषेतलं. पुष्कळ सोई शेवटी बंद असतात, आडवी वाट नसते, म्हणून तेच अंतर चालताना किलोमीटरभर होतं. नकाशात ‘चालत’ हा पर्याय निवडून मोजा आणि रस्त्याचे फोटोही बघा. सोईत आत गेलं की फूटपाथ हातभर उरतो, मग विजेचा खांब, मग खाऊची गाडी, आणि चाकांची बॅग रस्त्यावर उतरवावी लागते. मागून मोटरसायकली असतातच. एप्रिलच्या उन्हात किंवा सप्टेंबरच्या तुंबलेल्या पाण्यात ४०० मीटरपेक्षा जास्त नको. हॉटेलची ‘मोफत टुकटुक’, म्हणजे तिथली रिक्षा, असेल तर तिच्या वेळा आधी विचारा. सकाळी नऊला सुरू होणारी गाडी साडेसातला निघणाऱ्याच्या काय कामाची?

स्टेशनांत आसोकला तोड नाही. वरून स्कायट्रेन, खालून मेट्रो. मेट्रोच्या स्टेशनाचं नाव मात्र सुखुमवित. तिथून निळी लाइन थेट सनाम चायला जाते, वाट फो हे बौद्ध मंदिर तिथून चालत. सुवर्णभूमी विमानतळावरून रेल लिंकने मक्कासानला उतरायचं, पुलावरून फेचबुरी मेट्रोत शिरायचं आणि पुढचंच स्टेशन सुखुमवित. रेल लिंक साधारण मध्यरात्री बंद होते, उशिराचं विमान असेल तर टॅक्सी धरून चला. कुटुंब बरोबर असेल तर नाना स्टेशनाजवळची सोई ४ आणि आसोकजवळची सोई काउबॉय टाळून बुक करा, तिथे रात्रभर बारचा गोंगाट. भारतीय खानावळी मात्र नानाच्याच बाजूला जास्त.

मुंबईहून रात्री निघणारी विमानं पहाटे-सकाळी पोचतात, घड्याळ दीड तास पुढे, आणि चेक-इन दुपारी दोन किंवा तीनला. ‘अर्ली चेक-इन’ ही नुसती विनंती असते. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी असतील तर आदल्या रात्रीपासूनच खोली घ्यावी. मात्र ‘सकाळी सहाला पोचतो’ असं हॉटेलला लिहून कळवा, नाहीतर न आलेले पाहुणे समजून बुकिंग रद्द होऊ शकतं.

दरापुढे दोन अधिकचिन्हं दिसली तर १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ७ टक्के कर अजून यायचा आहे. म्हणजे २००० चे २३५४. डिपॉझिट बहुधा १००० ते २००० बाथ. डेबिट कार्डावर अडकलेले पैसे सुटायला कित्येक दिवस लागतात, त्यापेक्षा रोख द्या आणि पावती सांभाळा. लिफ्टमध्ये ड्युरियन या फळावर फुली मारलेलं चित्र असतं, वासासाठी. काही ठिकाणी मँगोस्टीन या फळालाही बंदी, कारण सालीचा जांभळा डाग चादरीवरून निघत नाही. दंड डिपॉझिटमधूनच कापतात.

खोलीत बघायचं ते न्हाणीघर. २४-२५ चौरस मीटरच्या खोल्यांत पलंग आणि न्हाणीघर यांच्यामध्ये बऱ्याचदा नुसती काच असते, कधी पडदा, कधी तोही नाही. आईवडिलांबरोबर जाताना हे विचारायला लाजू नका. संडासात जेट बहुतेक ठिकाणी असतो, ही मोठीच सोय. आपला दोन पिनांचा चार्जर चालतो. लॅपटॉपच्या तीन जाड पिना बसत नाहीत. एका ठिकाणी एसी लावला की कोंदट वास यायचा. फोटोत वास कसा दिसणार! म्हणून अभिप्राय ‘नवे आधी’ लावून त्यात ‘डॅम्प’, ‘मोल्ड’, ‘कन्स्ट्रक्शन’ हे शब्द शोधा.

शाकाहारींनी नाश्त्याशिवायचा दर घ्यावा. फ्राइड राइसमध्ये माशाचा सॉस असतोच, मग उरतं पाव आणि फळं.

१ मे २०२५ पासून थायलंडचं आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. त्यात हॉटेलचा पत्ता लागतो. आणि काउंटरवरून थाई लिपीत पत्ता छापलेलं कार्ड मागून घ्या, कारण इंग्रजी नाव टॅक्सीवाल्याला अनेकदा कळत नाही. दारातली टॅक्सी ठोक भाडं सांगायला लागली तर मोठ्या रस्त्यावर येऊन मीटरची धरा.