रायझन ५ ५६००: पहिल्या ओव्हरक्लॉकिंगला चांगला, सोबतचा कूलर मात्र बदला

एएमडीचा हा सहा कोरचा प्रोसेसर २०२२ मधला. मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) खुला आहे आणि बी४५० किंवा बी५५० चिपसेटच्या मदरबोर्डावर काम भागतं, म्हणून ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चिप चालवणं, शिकायला उत्तम. ए५२० बोर्ड मात्र नको, त्यावर ओव्हरक्लॉकिंग होतच नाही.

खोक्यातला रेथ स्टेल्थ कूलर जेमतेम ६५ वॉटपुरता. विदर्भातल्या मे महिन्यात त्याच्या भरवशावर काही वाढवू नका, आधी टॉवर कूलर (उभा, मोठा कूलर) बसवा. जुना काढण्यापूर्वी दहा मिनिटं जड काम देऊन प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट गरम करा, मशीन बंद करा, स्क्रू सोडवा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. थंड पेस्टवर सरळ ओढलात तर प्रोसेसर लॉक असलेल्या सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात.

हलक्या कामात व्होल्टेज ऑटोवर असताना १.४ व्होल्ट दिसतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तेव्हा करंट कमी असतो. तोच आकडा हाताने टाकून सगळे कोर पिळले, तर चिप झिजते. नवशिक्यांनी हा रस्ता सोडावाच. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) पीबीओ, म्हणजे एएमडीची आपोआप वेग वाढवणारी सोय, 'ॲडव्हान्स्ड' करा, तापमानाची मर्यादा ८५ अंश ठेवा आणि कोरचं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या कोरना उणे १० द्या. एका पायरीला साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी होतात. टिकलं तर पाच-पाचने उणे २० पर्यंत जा, कमाल वेगाची मर्यादा वाढवणाऱ्या बूस्ट ओव्हरराइडला त्यानंतरच हात लावा.

सिनेबेंच ही वेगचाचणी पार पडली म्हणजे जिंकलो, असं नाही. उणे कर्व्ह बहुतेकदा फसतो तो मशीन निवांत असताना: ब्राउझर उघडा आहे, आणि अचानक रीस्टार्ट. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हीआ लॉगर' (WHEA-Logger), इव्हेंट १८ शोधा. त्यातल्या एपिक आयडीला (APIC ID) दोनने भागलं की दोषी कोर सहसा सापडतो (० आणि १ म्हणजे कोर ०). तेवढ्यालाच तीन-चार पायऱ्या मागे घ्या. मग एकेक कोर तपासणारं कोअरसायकलर रात्रभर चालवा. वेग वाढलेला दिसतोय पण स्कोअर घसरलाय, असं झालं तर एचडब्ल्यूइन्फो या मोजमापाच्या प्रोग्राममधला 'इफेक्टिव्ह क्लॉक' (प्रत्यक्ष वेग) बघा. तो मागे पडत असेल तर व्होल्टेज कमी पडतंय.

पीबीओमुळे चिप बिघडली तर एएमडीची वॉरंटी लागू होत नाही.

याचाच भाऊ असलेल्या ५६००एक्ससाठी जादा पैसे मोजू नका. कागदावर त्याचा बूस्ट २०० मेगाहर्ट्झने जास्त. ओव्हरराइडची कमाल मर्यादाही तेवढीच आहे, म्हणजे ती तफावत इथेच भरून काढता येते.