बांगलादेशातल्या गरोदर बायका: हापशातलं आर्सेनिक की हळदीतलं शिसं?

दोन्ही विषं नाळेतून थेट बाळापर्यंत पोहोचतात. फरक आहे तो त्यांच्या भूगोलात.

आर्सेनिक जमिनीतलंच. हिमालयातून आलेल्या गाळात ते आहे आणि उथळ हापशांतून वर येतं. चांदपूर, नोआखाली हा दक्षिण-पूर्वेचा पट्टा सर्वांत वाईट. तरी एकाच वाडीत एक हापसा विषारी आणि शेजारचा चांगला असू शकतो, म्हणून तपासून विषारी हापशांना लाल, चांगल्यांना हिरवा रंग दिला. पाणी उकळून आर्सेनिक जात नाही, हे मात्र घरोघरी सांगावं लागतं.

शिशाचं कोडं वेगळं. जवळपास कारखाना नाही, अशा खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं. हळकुंड पिवळंधमक दिसावं म्हणून त्याला लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, चोळत होते. रक्तातल्या शिशाचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू; त्यांच्या प्रमाणावरून शिसं कुठून आलं ते कळतं) या रंगाशी जुळले, तेव्हा संशय पक्का झाला. हे विष बाजाराच्या वाटेनं फिरतं, त्यामुळे नकाशावर त्याचा पट्टा आखता येत नाही. शिवाय हाडांत साठलेलं जुनं शिसं गरोदरपणात कॅल्शियमबरोबर पुन्हा रक्तात उतरतं. माझ्या मते हेच जास्त क्रूर, कारण ते निव्वळ नफ्यासाठी मिसळलेलं.

पण हटवायला तेच सोपं निघालं. 2019मध्ये धाडी, दंड आणि जाहिराती झाल्या. 2021पर्यंत बाजारातल्या नमुन्यांतून भेसळ जवळपास नाहीशी झाली. आर्सेनिकवर असा झटपट उपाय नाही. तिथे खोल बोअर आणि पुन्हापुन्हा तपासणी लागते.