मोबाईलवर गोड वाजलेला फोनो प्रीअँप

सांगलीत विश्रामबागेतल्या एका गृहस्थांनी साडेसात हजाराला ‘व्हॉल्व्ह फोनो प्रीअँप’ घेतला, म्हणजे टर्नटेबलवरच्या तबकडीचा क्षीण सिग्नल अँपला पुरेल इतका वाढवणारा, काचेच्या व्हॉल्व्हचा डबा. विक्रेत्याने समोरच डबा जोडला, मोबाईलची पिन खुपसली आणि एक नाट्यपद लावलं. आवाज भरदार, स्वच्छ. यूपीआयने पैसे तिथल्या तिथे गेले. घरी टर्नटेबलला जोडला तर आवाज पिचका. डग्गा गायब, टाळ कानात टोचणारे, आणि अँपची व्हॉल्यूमची खुंटी पार शेवटपर्यंत पिळली तरी खोली भरेना.

यात फसवणूक घरी आल्यावर उघड झाली असं वाटतं. खरं तर ती दुकानातच उघड झाली होती. खरा फोनो प्रीअँप मोबाईलवर चांगला वाजूच शकत नाही.

एलपी तबकडी कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरची बाजू उचललेली असते. खर्ज आहे तसा कापला तर खोबणी इतकी हेलकावते की शेजारच्या खोबणीत घुसते. वरची बाजू उचलून ठेवली की वाजवताना ती खाली आणता येते आणि तिच्याबरोबर तबकडीची खरखरही खाली जाते. किती दाबायचं, किती उचलायचं हे १९५४ सालापासून ठरलेलं आहे, त्याला आरआयएए कर्व्ह म्हणतात. फोनो प्रीअँपची कामं दोनच: कार्ट्रिजचे (सुई बसवलेला, तिच्या थरथरीची वीज करणारा भाग) चार-पाच मिलिव्होल्ट साधारण शंभर पट करायचे, म्हणजे ४० डेसिबल, आणि हा कर्व्ह उलटा फिरवायचा. १००० हर्ट्झ मध्य धरला तर १०० हर्ट्झ साडेचार पट वर यायला हवा, १०,००० हर्ट्झ पाचव्या हिश्शावर. २० हर्ट्झला ही वाढ नऊ पटींच्याही वर जाते.

मोबाईलमधलं गाणं सपाट असतं, त्यात काही दाबलेलं-उचललेलं नसतं. ते या कर्व्हमधून गेलं की गोधडीखाली ढोल बडवल्यासारखं ऐकू येणार. शिवाय मोबाईल पाव-अर्धा व्होल्ट देतो आणि डबा त्याचे शंभर पट करायला बसलेला. आवाज जरा वाढवला की फाटणारच. त्यामुळे विक्रेता मोबाईल जोडायला लागला तर त्याला जोडू द्यावं. घुमट, दबका, फाटका आवाज आला तर डब्यात निदान कर्व्ह आहे. गोड आवाज आला तर उठावं आणि घरी यावं.

त्या गृहस्थांचा डबा उघडल्यावर आत ६जे१ या बोटभर चिनी व्हॉल्व्हची जोडी निघाली आणि बाहेर १२ व्होल्ट एसीचा अडॅप्टर. असा बोर्ड ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळतो. लाइन प्रीअँप (मोबाईलसारखा सपाट सिग्नल वाढवणारा) म्हणून तो वाईट नाही, पण त्यात आरआयएएचा मागमूस नाही. मागे इनपुटवर ‘फोनो’ असा चकचकीत स्टिकर होता. नखाने कोपरा उचलला तर खाली पांढऱ्या अक्षरात नुसतं ‘इनपुट’. व्हॉल्व्हच्या बुडाशी नारिंगी एलईडी, त्यामुळे बटण दाबताक्षणी काच पेटल्यासारखी दिसते. खऱ्या व्हॉल्व्हला तापायला पंधरा-वीस सेकंद लागतात आणि त्याची लाली आतल्या नळीच्या टोकाशी मिणमिणते, सगळी काच उजळत नाही. एलईडी बसवणं गुन्हा नाही, पण त्या उजेडाचेच पैसे मोजलेत हे कळलेलं बरं.

झाकण उघडायला मिळालं तर कपॅसिटर बघा. कर्व्ह बनवायला प्रत्येक चॅनलला निदान दोन छोटे फिल्म कपॅसिटर लागतात, हिरवे मायलर किंवा चौकोनी डबीसारखे, अंगावर ३३२, १०३, ३३३ असे आकडे असलेले. सगळीकडे फक्त इलेक्ट्रोलिटिकचे उभे डबे आणि १०४ लिहिलेल्या तांबूस चकत्या दिसल्या तर त्यात कर्व्ह नाही. १०४ साधारणपणे सप्लाय शांत ठेवायला असतो. कर्व्हच्या जागी सिरॅमिक चकत्या वापरल्या असतील तर डबा खोटा ठरत नाही, पण कर्व्ह अचूक बसण्याची आशा सोडावी.

झाकण न उघडता पक्की खात्री करायची तर दोन रेझिस्टर पुरतात. मोबाईलकडून येणाऱ्या सिग्नलच्या तारेत १०० किलो ओहम, आणि डब्याच्या टोकाला सिग्नल व ग्राउंडच्या मध्ये १ किलो ओहम. याने सिग्नल शंभराव्या हिश्शावर येतो, म्हणजे कार्ट्रिजइतका. जोड उघडा ठेवला तर नुसता हम (विजेची अखंड घरघर) येईल. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवून पत्रा ग्राउंडला जोडा. फुकटच्या टोन जनरेटर अ‍ॅपवर १००० हर्ट्झ लावा. आधी मोबाईलचं आउटपुट थेट मोजा, १०० ला आणि १००० ला. दोन्ही आकडे सारखे हवेत. नसतील तर मोबाईलचा इक्वलायझर चालू राहिलाय किंवा मीटर १००० पर्यंत नीट मोजत नाही, आणि मग पुढच्या मोजणीला अर्थ नाही. मोबाईलचा आवाज ०.३ व्होल्टच्या आसपास ठेवा. आता डब्याचं आउटपुट मोजा. ४० डेसिबलचा खरा डबा १००० ला सुमारे ०.३ व्होल्ट देईल आणि १०० ला १.३५. मोबाईलचा आवाज न हलवता हे साडेचार पटींचं अंतर दिसलं की कर्व्ह आहे. विश्रामबागेच्या डब्यात दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले, आणि वाढ शंभर पट कुठली, पुरती दहा पटही नव्हती.

यात एक गोम आहे. घरोघरी असतो तो पिवळा स्वस्त मल्टिमीटर इथे चालत नाही. त्याची एसीची सगळ्यात लहान रेंज २०० व्होल्ट, त्यावर ०.३ मोजणं म्हणजे हळदीच्या पोत्यांच्या काट्यावर सोनं तोलणं. २ व्होल्टची एसी रेंज असलेला मीटर मागून आणा.

दुसऱ्या प्रकारची लबाडी बारीक आहे. डब्यात कर्व्ह असतो, पण ‘एनई ५५३२’ या ऑडिओ चिपचे पैसे घेऊन चिप भलतीच बसवलेली असते. चिपवर नेल पॉलिश रिमूव्हरचा बोळा घासा. अक्षरांसोबत काळा रंगही सुटून आला आणि खाली घासल्याच्या रेघा दिसल्या तर चिपला नवं नाव दिलंय. सॉकेटमध्ये असेल तर चिप असताना आणि नसताना सप्लायचा करंट मोजा: खरी ५५३२ साधारण ८ मिलिअँपियर खाते, ४५५८ ही स्वस्त चिप त्याच्या निम्म्याहून कमी. एक मात्र कबूल करायला हवं, साध्या मूव्हिंग मॅग्नेट (आत चुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजला टीएल ०७२ या चिपवरचा डबाही बऱ्यापैकी वाजतो, फक्त सळसळ थोडी जास्त. तक्रार आवाजाची कमी आणि घेतलेल्या पैशांची जास्त आहे.

ग्राउंडचा स्क्रूही तपासा. टर्नटेबलची बारीक ग्राउंड वायर ज्याला लागते तो स्क्रू काही डब्यांत नुसता शोभेचा असतो. मीटर बीपवर ठेवून एक टोक स्क्रूला, दुसरं आरसीएच्या (केबल लागते त्या गोल सॉकेटच्या) बाहेरच्या कड्याला लावा. बीप वाजायला हवी, किंवा मध्ये दहा-वीस ओहम दिसायला हवेत. काहीच नसेल तर हम जाणार नाही. हाच हम लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच येत असेल तर डब्याला दोष देऊ नका. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असा गुरगुरतोच.

विक्रेत्यांची ठरलेली उत्तरं असतात. “सुई झिजलीय.” “केबल हलकी आहे.” आणि सगळ्यात महागात पडणारं: “शंभर तास वाजू द्या, मग खुलेल.” रोज दोन तास ऐकलं तर शंभर तासांना पन्नास दिवस लागतात, आणि तोवर परतीची सात-दहा दिवसांची मुदत कधीच संपलेली असते. नसलेला आरआयएए कितीही वाजवून उगवत नाही. घेण्याआधी लेखी विचारा: १००० हर्ट्झला गेन (वाढ) किती, इनपुट लोड किती, इनपुट कपॅसिटन्स किती. मूव्हिंग मॅग्नेटसाठी ४० डेसिबल, ४७ किलो ओहम आणि १००-२०० पिकोफॅरड असं काहीतरी उत्तर यावं. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम ९५ ई सारख्या ४ मिलिव्होल्टच्या कार्ट्रिजला हेच लागतं. डेनॉन डीएल-१०३ सारखं मूव्हिंग कॉइल (आत तारेचं वेटोळं हलणारं) ०.३ मिलिव्होल्टच देतं, त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन हवा. ‘दोन्हीला चालतो’ म्हणणाऱ्याला स्विच दाखवायला सांगा. ‘गोल्ड प्लेटेड पिना’ हे यातल्या कशाचंच उत्तर नाही.

आणि डबा लागतो का, तेही बघा. टर्नटेबलच्या मागे फोनो-लाइन स्विच असेल तर आत प्रीअँप आहे. तो लाइनवर ठेवून वर दुसरा फोनो डबा लावला तर कर्व्ह दोनदा लागून सगळं घुमतं. जुन्या अँपच्या मागे फोनो इनपुट असतं, धुळीने बुजलेलं. आणि माळ्यावरच्या जुन्या पोर्टेबल प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असेल तर त्याला फोनो प्रीअँप नकोच. ते शेकडो मिलिव्होल्ट देतं आणि त्याला १० लाख ओहमचा लोड हवा. ४७ किलोवर त्याचा खर्ज मरतो. मिरजेच्या घरांतून अजून निघणाऱ्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) बहुतेक तबकड्यांना तर आरआयएए लागूच नाही, त्यांची सुईही जाड, तीन मिलची, म्हणजे इंचाच्या तीन हजारांशांची.

फसल्यावर पहिलं काम: डबा परत स्क्रूबंद करून, वरच्या चाचणीचा व्हिडिओ विक्रेत्याला पाठवायचा, दोन्ही आकडे दिसतील असा. विश्रामबागेतल्या गृहस्थांनी तेच केलं, स्टिकर उचललेला फोटोही जोडला, आणि चौथ्या दिवशी पैसे आले, कुरिअरचे कापून. पैसे परत द्यायचं नाकारलं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत हवी. विक्रेता पैसे घेऊन गायबच झाला असेल तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, तेही त्याच दिवशी. पावती नसेल तर यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि ‘हो, फोनोच आहे’ असं त्याने लिहिलेला मेसेज जपून ठेवा.