शेअर आपला, पगार भाच्याचा

आमच्या अमळनेर-पारोळा पट्ट्यात शेतकरी उत्पादक कंपन्या, म्हणजे शेतकऱ्यांनीच शेअर घेऊन माल विकायला काढलेल्या कंपन्या, बऱ्याच निघाल्या. काही छान चालतात. आमची आतून पोखरली गेली, आणि पैसे घेऊन पळालं कोणीच नाही. सगळं कागदोपत्री झालं.

शेअर विकताना अध्यक्ष ओट्यावर बसून म्हणायचे, "भाऊ, आते तूच मालक शे!" मका घेतला तेव्हा क्विंटलमागे दोनशे रुपये मागे ठेवले, नफा झाला की देतो म्हणाले. अशा कंपनीला भावाचा काही भाग नंतर द्यायची मुभा कायद्यातच आहे. पण आमच्या पावतीवर नुसतं वजन आणि हातात दिलेली रक्कम. आता विचारलं की उत्तर येतं, "कसले दोनशे?"

ताळेबंद मिळवला. उलाढाल वाढलेली, तरी तोटा. कारण मागच्या पानांवर बारीक अक्षरांत होतं, 'संबंधित पक्षांशी व्यवहार'. गोदाम अध्यक्षांच्या पत्नीचं. भाडं बारमाही, माल असो नसो. मी डोकावलो तेव्हा आत रिकामं बारदान आणि एक मोटरसायकल. ट्रक शालकाचे. सीईओ भाचा. कायद्याने पूर्णवेळ मुख्य कार्यकारी लागतो आणि तो सभासदांबाहेरचा असावा लागतो. भाच्याच्या नावावर शेअर नाही, म्हणजे नियम पाळला म्हणायचा! पगार महिना साठ हजार. केंद्राच्या 2020 च्या दहा हजार एफपीओंच्या (शेतकरी उत्पादक संघटनांच्या) योजनेत सीईओच्या पगाराला महिना 25 हजारांपर्यंतच मदत मिळते, म्हणजे वरचा बोजा आमच्या मक्यावर. त्याने ओला मका भरला, बुरशी लागली, पडेल भावात विकावा लागला. त्याच वर्षी त्याचा पगार वाढला.

विचारणार कोण? शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. पण हजार रुपयांच्या शेअरसाठी दिवस मोडून भांडायला कोण जातो, हे संचालकांना पक्कं ठाऊक. वार्षिक सभेला शेवभाजीचं जेवण, पंगतीआधी रजिस्टरवर सही. त्याच सह्यांखाली पुढे 'हिशेब सर्वानुमते मंजूर' निघालं.

खरं तर सभेच्या किमान 14 दिवस आधी नोटीस, आणि तिच्यासोबत तपासलेले हिशेब यायला हवेत. आम्हाला व्हॉट्सॲपवर जेवणाची वेळ आली. हिशेब देत नसतील तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर 100 रुपये भरून दाखल झालेले कागद कोणालाही पाहता येतात. माल टाकण्याआधी तेवढे भराच. भाडं कोणाच्या खात्यात जातं, गाड्या कोणाच्या, सीईओ कोणाचा कोण, हे बघा. मागे ठेवलेला भाव पावतीवर आकड्यात लिहून घ्या. पावती पुढे देऊ म्हणाले तर माल उतरवूच नका.

एक तृतीयांश सभासदांनी लेखी मागणी केली की संचालकांना विशेष सभा बोलवावी लागते. आमच्या सह्या चालू आहेत. अध्यक्षांच्या भाऊबंदांपैकीही काहींनी केल्या, कारण दोनशे त्यांचेही अडकलेत.