आंतरवासितेतल्या चिंतन-नोंदी: वहीत की गूगल डॉकवर?

बी.एड.च्या आंतरवासितेत, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याच्या काळात, छात्राध्यापकांकडून (शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांकडून) रोजच्या चिंतन-नोंदी, म्हणजे आज वर्गात काय घडलं, काय जमलं, काय नाही याच्या नोंदी, वहीत घ्यायच्या की गूगल डॉकवर, हे आमच्याकडे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. मी दोन्ही वापरलं आहे.

वहीची बाजू लंगडी नाही. फळ्याची मांडणी, बाकांची रचना, कोण कुठे गप्प बसलं होतं, हे पेनाने चार रेघांत दाखवता येतं. शिवाय हाताने लिहिताना माणूस जरा थांबतो, आणि चिंतनाला ते थांबणं हवंच असतं.

पण वही एका वेळी एकाच्याच हातात राहते. मी तपासायला घेतली की छात्राध्यापक सुट्ट्या कागदावर लिहिणार, नाहीतर लिहिणारच नाही. म्हणून गठ्ठा येतो तो शेवटी. दुसऱ्या वर्षाची आंतरवासिता 16 आठवड्यांची. ती संपल्यावर 'विद्यार्थ्यांनी उत्तम प्रतिसाद दिला' हे वाक्य एकाच पेनाने, एकाच बैठकीत, पाठामागून पाठ उतरवलेलं दिसतं. आता शेरा मारून उपयोग कुणाला? 2015पासून अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, शाळेतला काळ वाढला. तो असा हातचा जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

डॉकवर एका छात्राध्यापिकेने संध्याकाळी लिहिलं, 'निम्म्या वर्गाने 1/2 + 1/3 = 2/5 केलं. छेद समान करायचा नियम पुन्हा सांगितला, तरी तेच.' मी त्या ओळीशेजारीच लिहिलं, 'नियम तूर्त बाजूला ठेव. 2/5 हे अर्ध्याहून कमी. अर्ध्यात भर घातली तर उत्तर अर्ध्याहून कमी कसं, हे मुलांनाच विचार. कागदाच्या पट्ट्या ने.' दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत पट्ट्या होत्या, आणि घड्या घालताना मुलांनी काढलेले नवे प्रश्नही. वहीत ही नोंद मी पाठ संपून महिने उलटल्यावर वाचली असती.

डॉकचेही त्रास आहेत. बोलून टाइप केलं तर विरामचिन्हं घालत बसावं लागतं. कुठून तरी उचलून चिकटवलेला मजकूरही येतो, पण संपादनाचा इतिहास उघडला की तो बहुधा ओळखू येतो. डॉक अख्ख्या गटाला मात्र खुला ठेवू नका. 'आज वर्ग हाताबाहेर गेला' हे सगळ्यांदेखत कुणी लिहीत नाही.

सरावशाळेच्या गावी रेंजच नसेल तर वहीच बरी. एरवी, माझं विचाराल तर, डॉक. फळ्याचा फोटो त्यातच टाकायला सांगा.